परदेशी विद्यार्थी जुन्नर-आंबेगावात येतील. पण कोणाच्या भरवशावर?

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली लेणी आहेत. त्यांची संख्या दोनशेच्या वर भरते. या लेण्यांत काही यवनांचे, म्हणजे परमुलखातून आलेल्या लोकांचे, लेख कोरलेले आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दान दिली आणि चिट नावाच्या यवनाने भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिला, असे त्यांत नोंदलेले आहे. परक्या देशातून आलेल्या माणसांनी जुन्नरला पाण्याची सोय आणि जेवणाची जागा दिली, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. आज याच मुलखात परदेशी विद्यार्थी आणण्याच्या गोष्टी जेव्हा होतात, तेव्हा इमारत, प्रवेशद्वार आणि पाटीवरील 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द यांची चर्चा आधी होते. पाणी आणि जेवण यांचा विषय शेवटी निघतो, किंवा निघतच नाही.

पुणे शहराच्या आसपास गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक खाजगी विद्यापीठे उभी राहिली. शहरातील जागा महाग झाल्या, त्यामुळे शिक्षणसंस्थांची नजर पुणे-नाशिक महामार्गाकडे वळणे स्वाभाविक आहे. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावे याच रस्त्यावर आहेत. अवसरी, कुरण, ओतूर, बेल्हे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. जुन्नर, मंचर आणि ओतूर येथे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये कित्येक वर्षांपासून चालू आहेत. त्यांतील बहुतेकांची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची आहे. म्हणजे शिक्षणाची जमीन येथे नांगरलेली आहे. प्रश्न एवढाच, की खाजगी विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थी या दोन तालुक्यांत आणायचे म्हटले तर ते कसे येतील, का येतील, आणि आले तर त्यातून येथील व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला व सामान्य कुटुंबाला काय मिळेल?

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ साली भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. ते १७० देशांतून आले होते. त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा, सुमारे २८ टक्के. त्यानंतर अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश आणि संयुक्त अरब अमिराती यांचा क्रम लागतो. याउलट २०२४ साली परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांच्या वर गेली होती. हिशेब मांडला तर एक परदेशी विद्यार्थी आपल्याकडे येतो तेव्हा आपले पंचवीसहून अधिक विद्यार्थी बाहेर जातात. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर आयात-निर्यातीचा हा ताळेबंद फारच एकतर्फी आहे.

ही तूट सरकारच्याही लक्षात आली आहे. २०१८ साली 'स्टडी इन इंडिया' हा कार्यक्रम सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यार्थ्यांना आकर्षित करण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना काढून, मंजूर जागांव्यतिरिक्त २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याची मुभा दिली. त्याच्याही फार आधी, १९५० साली, मौलाना अबुल कलाम आझाद यांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची स्थापना केली होती. आशिया-आफ्रिकेतील हजारो मुले या परिषदेच्या शिष्यवृत्तीवर भारतात शिकून गेली. तात्पर्य, दार सरकारी पातळीवर उघडे आहे. आत येणाऱ्याला बसायला चटई आहे की नाही, हे आपण पाहायचे आहे.

पुण्याचा धडा

परदेशी विद्यार्थ्यांचे शहर म्हणून पुण्याचे नाव झाले ते जाहिरातीने झाले नाही. डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वसतिगृहातील मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, हे त्यांच्या पाहण्यात आले. परमुलखातून आलेल्या या मुलांना आपले म्हणणारे कोणी नाही, या जाणिवेतून त्यांनी १९७१ साली सिंबायोसिसची स्थापना केली. सुरुवात झाली ती परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीच्या केंद्रापासून. अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो २००२ साली, म्हणजे एकतीस वर्षांनी. आधी आजारी मुलाचा डबा, मग विद्यापीठ, असा हा क्रम आहे.

आज जे लोक विद्यापीठ काढण्याचा विचार करतात त्यांचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी जमीन, मग इमारत, मग दलालामार्फत विद्यार्थी, आणि विद्यार्थी आल्यावर त्याच्या राहण्या-जेवण्याची धावपळ. असा विद्यार्थी वर्षभरात कंटाळून पुण्यात खोली घेतो, आणि घरी फोन करून धाकट्या भावाला सांगतो की इकडे येऊ नकोस. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरी जाहिरात हा फोनच करतो. एका गावचा, एका शाळेचा, एका कुटुंबाचा मुलगा समाधानी राहिला की त्याच्या मागून त्याच वाटेने आणखी येतात. हे कोणत्याही दुकानदाराला वेगळे सांगायला नको.

जुन्नर-आंबेगावकडे आहे तरी काय?

नुसती स्वस्त जमीन पाहून परदेशी विद्यार्थी येत नाही. जे त्याला दिल्लीत, बंगळूरात किंवा पुण्यात मिळत नाही ते येथे मिळत असेल, तरच तो शंभर किलोमीटर आत येईल. आमच्या मते अशा निदान पाच गोष्टी या दोन तालुक्यांत आहेत.

पहिली, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली, नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या केल्या. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ येथे निरीक्षणासाठी अर्ज करतात. ज्या गावाचे नाव परदेशातील खगोलशास्त्रज्ञाला ठाऊक आहे, त्या गावाला जगाच्या नकाशावर आणण्यासाठी वेगळी जाहिरात कशाला पाहिजे? फक्त त्या विषयाचा पाया शिकविणारे चांगले वर्ग जवळपास हवेत.

दुसरी, शेतीमालाचा बाजार. नारायणगावची टोमॅटोची पेठ, मंचर व जुन्नरच्या बाजार समित्या, ओतूरकडचा कांदा, सातगाव पठारचा बटाटा, जुन्नरची द्राक्षे, आणि नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र. आफ्रिकेतील व आशियातील अनेक देशांपुढे हाच प्रश्न आहे, की लहान शेतकऱ्याचा नाशवंत माल शेतातून बाजारात कसा न्यावा, त्याची प्रतवारी, साठवण आणि लिलाव कसा करावा. हे पुस्तकातून शिकण्यापेक्षा पहाटे लिलावाच्या ओट्यावर उभे राहून शिकलेले बरे.

तिसरी, डोंगर आणि जंगल. भीमाशंकरचे अभयारण्य शेकरूसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम भागातील महादेव कोळी बांधवांना हिरड्यासारख्या वनौषधींची पिढीजात माहिती आहे. उसाच्या फडांत राहणारा बिबट्या आणि त्याच्यासोबत जगणारा माणूस हा तर जगातील वन्यजीव अभ्यासकांचा विषय होऊन बसला आहे. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र येथेच आहे.

चौथी गोष्ट दुःखाची आहे, पण तीही सांगितली पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. डोंगर का सुटतो, पाणी कोठे मुरते, उतारावर शेती व घरे कशी असावीत, आणि पुन्हा वसविलेल्या गावाचे पुढे काय होते, हा अभ्यास या भूमीत करावा यासारखे औचित्य नाही. भारतात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत नेपाळचे सर्वाधिक आहेत, आणि दरडींचे दुःख नेपाळइतके कोणाला ठाऊक आहे? विद्यार्थी कोठून येतात आणि आपल्याकडे कोणता विषय आहे, यांची सांगड घालणे यालाच आम्ही नियोजन म्हणतो.

पाचवी, इतिहास. नाणेघाट हा सातवाहनकाळातील व्यापारी मार्ग. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल या घाटाने जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरील गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे आणि जवळच दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा होत असे असे सांगतात. शिवनेरीवर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र कारभार सुरू केला तो जुन्नरहून. अबिसीनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे याच निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि त्याच्या काळात काही वर्षे राजधानी जुन्नरला होती. आज इथिओपियातील एखादा विद्यार्थी येथे आला तर तो पाहुणा असेल, पण पहिला नसेल. जुन्नरजवळील भव्य घुमटाला लोक 'सौदागर घुमट' म्हणतात. व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा घुमट ज्या गावी आहे, त्या गावाला परदेशी माणसाचे वावडे असू नये.

महाराष्ट्र सरकारने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. पर्यटक शनिवारी येतो आणि रविवारी जातो. विद्यार्थी दोन, तीन, चार वर्षे राहतो. या दोन गिऱ्हाइकांतील फरक बाजारपेठेने ओळखावा.

कारखाना नाही, तर शिक्षण का नाही?

रेडिओ दुर्बिणीला बाहेरचे विद्युत-चुंबकीय उपद्रव चालत नाहीत. म्हणून खोडदच्या परिसरात सुमारे ३० किलोमीटरपर्यंत उद्योगांवर बंधने आहेत. आपल्याकडे चाकणसारखी वसाहत आली नाही, अशी खंत या भागातील तरुण बोलून दाखवितात. ती अगदीच निराधार नाही. पण ज्या कारणाने धूर ओकणारा कारखाना येथे येत नाही, त्याच कारणाने शिक्षणाला लागणारी शांतता येथे शिल्लक आहे. शिक्षणाच्या धंद्याला चिमणी लागत नाही. अर्थात विद्यापीठालाही आपली बिनतारी यंत्रणा दुर्बिणीच्या नियमांत बसवावी लागेल आणि ते आधीपासून शास्त्रज्ञांशी बोलूनच करावे लागेल. पुढे हरकत येऊन काम अडले, असे होऊ नये.

आता बाजाराचा साधा हिशेब मांडू. समजा, शंभर परदेशी विद्यार्थी या दोन तालुक्यांत राहिले आणि फी वगळता प्रत्येकाने राहणे, जेवण, प्रवास व किरकोळ खरेदी यांवर महिन्याला दहा हजार रुपये खर्च केले. वर्षाचे दहा महिने धरले तर ही रक्कम एक कोटी रुपये होते. ती खोलीमालक, खाणावळवाली, किराणा दुकानदार, रिक्षावाला, कपडे शिवणारा, फळविक्या आणि औषध दुकानदार यांच्या हातात येते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला येथे नोकरी करता येत नाही. म्हणजे तो आपल्या मुलांच्या रोजगारात वाटेकरी होत नाही. घरून आलेला पैसा येथे खर्च करतो. एवढे स्पष्ट गणित फार थोड्या धंद्यांत असते. मात्र हीच रक्कम विद्यापीठाच्या आवारातील एकाच ठेकेदाराच्या गल्ल्यात गेली, तर गावाच्या वाट्याला फक्त गाड्यांची धूळ येईल. म्हणून भाजी, दूध, धान्य आणि खाणावळ यांची खरेदी स्थानिक बाजारातून व बचत गटांकडून होईल, ही अट जमीन देतानाच गावांनी घालावी. जमीन गेल्यावर अट घालता येत नाही.

भरवसा कोण देणार?

१४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलहून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्याचे दोन महिने येथे राहिला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात जुन्नरविषयी लिहून ठेवले आहे. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा येथील सुभेदार असदखानाने काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन असे बजावले. तेव्हा खुरासानहून आलेल्या मुहंमद नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने मध्ये पडून रदबदली केली आणि निकितिनला त्याचा घोडा व त्याचा धर्म दोन्ही परत मिळाले. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात आमच्या विषयाचे सार आहे. परक्या माणसाला सत्ताधारी कसा वागवितो हे त्याच्या हातात नसते. त्याच्यासाठी उभा राहणारा कोणी आहे का, यावर त्याचा सारा अनुभव ठरतो. आणि तो अनुभव शेकडो वर्षे लिहिलेला राहतो.

आजच्या विद्यार्थ्याचा घोडा म्हणजे त्याची फी, त्याची कागदपत्रे आणि त्याची वर्षे. ती कोठे अडतात ते पाहा. परदेशातील दलाल त्याला एक फी सांगतो, येथे आल्यावर दुसरीच निघते. त्याच्या शालेय प्रमाणपत्राची समकक्षता आधी तपासून घेतलेली नसते, म्हणून प्रवेश लटकतो. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने चौदा दिवसांत परदेशी नोंदणी करावयाची असते. ग्रामीण भागात हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. हे नियम त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगत नाही आणि मग तो दंड भरतो. त्याला घर देणाऱ्या मालकानेही पोलिसांना कळवायचे असते. ते मालकाला ठाऊक नसते. त्यामुळे 'नको ती कटकट' म्हणून तो खोलीच नाकारतो.

खोली नाकारण्याचे हे एकच कारण असते तर बरे झाले असते. पुण्यासारख्या शहरातही आफ्रिकन विद्यार्थ्याला रंगावरून आणि मुसलमान विद्यार्थ्याला नावावरून 'जागा गेली' असे सांगितले जाते, हे सर्वांना माहीत आहे. जागेची पाटी मात्र तशीच लटकत असते. कोंढवा व लष्कर भागात परदेशी विद्यार्थी एकवटले त्यामागे जेवणाची सोय हे जसे कारण आहे, तसे इतरत्र दार लागले हेही कारण आहे. जुन्नर, मंचर, घोडेगाव, नारायणगाव या गावांनी हा वसा घेऊ नये. ही मोहल्ल्यातील लोकांनाही लागू असलेली गोष्ट आहे. आपल्याला खोली नाकारली की आपण दुःखी होतो. सुदानच्या किंवा टांझानियाच्या मुलाला आपण तिप्पट भाडे सांगतो तेव्हा त्यालाही तेच दुःख होते. मुसाफिराला लुटून कोणाचे घर भरलेले आम्ही पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट विद्यापीठांनी आधीच ठरविली पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता पालटली तेव्हा भारतात शिकणाऱ्या अफगाण मुलांचे घरून येणारे पैसे थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे मुलींना विद्यापीठांची दारे बंद झाली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले. आपल्याकडे विद्यार्थी पाठविणाऱ्या देशांच्या यादीत हे दोन्ही देश वरच्या भागात राहिले आहेत. अशा वेळी फी थकली म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेला बसू न देणारी संस्था कायद्याने बरोबर असेलही. पण तिच्याकडे पुढच्या वर्षी कोण येईल? परदेशी विद्यार्थ्यांच्या जादा फीतील ठराविक हिस्सा संकटनिधी म्हणून वेगळा ठेवावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. आपल्या देशात शिकता येत नाही अशा मुलीला येथे पदवी पुरी करता आली, तर त्याहून मोठी कमाई विद्यापीठाला दुसरी नाही.

मग करावे काय?

आमची सूचना अशी आहे की, विद्यापीठाच्या इमारतीपासून सुरुवात करूच नये. खाजगी विद्यापीठाला इतर महाविद्यालये स्वतःशी संलग्न करून घेता येत नाहीत, आणि मुख्य आवाराबाहेर केंद्र काढायचे तर २००३ च्या नियमांनुसार स्थापनेनंतर पाच वर्षे थांबावे लागते व आयोगाची मान्यता लागते. म्हणून पुण्यातील जुन्या विद्यापीठांनी पहिल्या टप्प्यात आपल्याकडे आधीच असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना सहा-आठ आठवड्यांच्या प्रत्यक्ष अभ्यासासाठी येथे पाठवावे: खोडदला खगोलशास्त्राचे, बाजार समितीत शेतीमाल व्यापाराचे, माळीण-भीमाशंकर भागात भूशास्त्र व वनशास्त्राचे, जुन्नरच्या लेण्यांत पुरातत्त्वाचे. वीस-पंचवीस मुलांची एक तुकडी गावाला सांभाळता येते. तेवढ्यात खोल्या, खाणावळी, दवाखाना, रात्रीची वाहने, इंटरनेट, सगळ्याची परीक्षा होते. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. पुण्याचा विमानतळ गाठायचा तर चाकणच्या वाहतूक कोंडीतून जावे लागते. रात्री बिबट्याचा वावर असतो. या गोष्टी माहितीपत्रकात लपवू नयेत. लपविलेली अडचण पहिल्याच आठवड्यात उघडी पडते.

दुसरे, भाषा. परदेशी विद्यार्थ्याला इंग्रजीतून पदवी हवी असते, परंतु त्याला टोमॅटोचा भाव मराठीतच विचारावा लागतो. पहिल्या महिन्यात बोलण्यापुरती मराठी शिकविण्याचा वर्ग सक्तीचा असावा. या कामासाठी तालुक्यातील मराठीच्या पदवीधरांना मानधन द्यावे.

तिसरे, घरे. दोन खोल्या रिकाम्या असलेल्या कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीमार्फत करावी, भाडे लेखी ठरवावे, आणि पोलीस नोंदणीचे काम विद्यापीठाच्या एका कर्मचाऱ्याने घरमालकाच्या वतीने करून द्यावे. मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृह पहिल्या दिवसापासून हवे.

चौथे, जेवण. शाकाहारी, हलाल आणि साधे कमी तिखट, अशा तीन चुली एका खाणावळीत चालू शकतात. जुन्नरच्या मुस्लिम व्यावसायिकांना येथे काम आहे; पण त्यांनी ते स्वच्छतेच्या आणि भावाच्या जोरावर मिळवावे, मेहेरबानी म्हणून मागू नये. जुन्नरचा हातकागद एकेकाळी दख्खनच्या दप्तरांत नावाजलेला होता आणि तो करणारी कागदी कुटुंबे मुसलमान होती. तो कागद मालाच्या गुणावर खपला. परदेशी विद्यार्थ्यांसाठी हा हुन्नर शिकविणारा चार आठवड्यांचा वर्ग का सुरू होऊ नये? त्यातून बुडालेल्या कलेला पुन्हा चार हात मिळतील.

दोन शंका

काही पालक विचारतील, परदेशी मुले आली तर आमच्या मुलांच्या जागा जातील काय? नियमाप्रमाणे त्यांच्या जागा मंजूर संख्येच्या वरच्या असतात. तेव्हा जागा जात नाहीत. पण वर्ग, प्रयोगशाळा आणि शिक्षक तेवढेच राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याचे शिक्षण कमी होते. ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय एकच: परदेशी फीतून शिक्षक वाढवावेत आणि तालुक्यातील, विशेषतः आदिवासी भागातील, मुलामुलींना ठराविक जागा सवलतीत द्याव्यात. ज्या गावच्या मुलाला फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली आणि वर्गात प्रवेश मिळाला नाही, ते गाव त्या विद्यापीठाला आपले म्हणणार नाही. गावाने आपले म्हटले नाही तर परदेशी मुलालाही ते आपले वाटणार नाही.

दुसरी शंका जमिनीची. 'आंतरराष्ट्रीय विद्यापीठ येणार' अशी आवई उठवून जमिनीचे भाव चढविणारे लोक प्रत्येक महामार्गावर असतात. शेतकऱ्यांनी अशा तोंडी वायद्यावर सही करू नये. प्रत्येक खाजगी विद्यापीठाला विधिमंडळाची मंजुरी लागते. मंजुरीचा कागद, जमिनीचा उद्देश आणि कामाची मुदत पाहिल्याशिवाय सातबारा हातचा सोडू नये. विद्यापीठ नाही आले तर जमीन परत, हे कलम करारात असावेच.

परदेशी विद्यार्थी म्हणजे डॉलरची थैली, असे समजून जे विद्यापीठ येथे येईल ते पाच वर्षांत उठून जाईल. तो एका आईने विश्वासाने परक्या गावी पाठविलेला मुलगा आहे, ही अमानत आहे, असे समजून जे येईल ते टिकेल आणि त्याच्याबरोबर बाजारही टिकेल. जुन्नर व मंचरच्या बाजार समित्या, व्यापारी संघटना, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि घरमालक यांनी एकत्र बसून निदान पंचवीस विद्यार्थ्यांच्या एका तुकडीची तयारी करून पाहावी. पाण्याची टाकी कोठे आणि जेवणाचा मंडप कोणाच्या अंगणात, एवढे दोन निर्णय त्या पहिल्या बैठकीत झाले तरी आम्ही म्हणू की काम सुरू झाले.